दमलेलं रॉकेट

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

सकाळी पाणी आलं, दोन्ही टाक्या भरल्या. दुपारी नणंद यास्मीन डबा घेऊन आली. सालन खारट होतं, तरी कसं झालंय म्हणून तिनं दोनदा विचारलं. संध्याकाळी हवालदार आला. मी इद्दतीत आहे. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही, परपुरुषासमोर यायचं नाही. म्हणून तो ओट्यावर बसला आणि मी पडद्याआडून बोलले. त्यानं यांची पिशवी परत दिली. आत तेवीस वॅटचा एलईडी बल्ब होता, खोक्यासकट. गेल्या महिन्यात हे तोच आणायला संध्याकाळी मार्केट यार्डाकडे गेले होते. परत येताना रस्ता ओलांडताना भाजीच्या टेम्पोखाली आले.

हवालदार म्हणाला, "बल्बला साधा ओरखडा न्हाई बघा. नशीब असतंय एकेकाचं."

बल्बचं नशीब! पोलिसात घेताना फक्त उंची मोजत असावेत.

बल्ब जिन्यात लावला. विकत आणलेली वस्तू ठेवून काय करायची. उजेड डोळ्यांत खुपतो. जिन्यातले याआधीचे चार बल्ब कपाटाच्या खणात पडलेत. वर्षभरात चार! हे म्हणायचे, महिन्याभरात मंद होतात, कंपन्या चोर आहेत. खरंच आहे.

आम्ही दोघंही मास्तर. हे उर्दू हायस्कूलात विज्ञान शिकवायचे, मी सोलापूर महापालिकेच्या मराठी शाळेत गणित. टाचण काढायची सवय गेलेली नाही, म्हणून हे लिहिणं. मूलबाळ नाही. दुसरं कुणी वाचणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शब-ए-बारात. गल्लीतले सगळे पुरुष कब्रस्तानात गेले. यास्मीनच्या मालकानं यांच्या कबरीवर फुलं वाहिली आणि मोबाइलवर फोटो पाठवला. फोटोत कबर कोपऱ्यात आणि त्यांचा नवा कुर्ता मध्यभागी.

मगरीबच्या, दिवस मावळतीच्या नमाजनंतर गच्चीवर गेले. यांची वेताची खुर्ची उन्हात खराब होतेय, ती खाली आणायला. खुर्ची उचलली आणि समोर उत्तरेकडून ते वर आलं. यांचं रॉकेट. दुसऱ्या एखाद्याला ते माहीत असायचं कारण नाही. रशियाचं जुनं रॉकेट आहे, उपग्रह सोडून रिकामं झालेलं. आमच्या लग्नाच्याही आधीपासून ते पृथ्वीभोवती कोलांट्या खात फिरतंय. कोलांटी खाताना ऊन लागलं की चमकतं, मग विझतं, मग पुन्हा चमकतं. दोन चमकांमध्ये किती वेळ गेला ते मोजायचं आणि परदेशातल्या कुणाकुणाला कळवायचं. त्यावरून रॉकेट जोरात फिरतंय की मंदावतंय ते समजतं. समजून पुढं काय, हे मी तीस वर्षं विचारलं. उत्तर मिळालं नाही. लोक गच्चीवर पापड वाळवतात, आमच्या घरात हे चालायचं.

खुर्ची वरच राहिली. खाली आले तर यास्मीन दारात.

"भाभी, इद्दत की औरत आसमान के नीचे जाती क्या? लोगां क्या बोलेंगे?"

मी म्हटलं, गच्ची माझ्याच घराची आहे. तिला धर्म कमी आणि शेजारी जास्त माहीत आहेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हवालदार जबाब घ्यायला आला. टेम्पोवाला अक्कलकोटकडचा शिवपुत्र नावाचा पोरगा आहे. म्हणतो, दिवे लावले होते, हॉर्न दिला होता, मास्तर न बघता सरळ रस्त्यात उतरले.

हवालदारानं विचारलं, "मास्तरांची नजर कशी हुती, बाई?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "लिहून घ्या. माझे मालक संध्याकाळच्या आकाशात हजार किलोमीटरवरची रिकामी टाकी लुकलुकताना बघायचे आणि सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचे. ती टाकी पूर्वी दर साडेचार सेकंदांनी चमकायची, दिवाळीपासून दर नऊ सेकंदांनी चमकायला लागली, हे त्यांनी शोधून काढलं. साऱ्या जगात ते एकट्यांना दिसलं. अशा माणसाला दोन दिवे लावलेला टेम्पो दिसला नाही म्हणता?"

त्यानं सगळं लिहिलं. 'सेकंद' कसा लिहायचा ते मला विचारलं. सही करताना मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

४ मार्च, मंगळवार

तिसरा रोजा. दुपारी शिवलिंगप्पा सरांचा फोन. सर आकाश मंडळाचे अध्यक्ष, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. इद्दत संपली की मेमध्ये मंडळाला यांची श्रद्धांजली सभा घ्यायची आहे. मोठा फलक करणार: यांचा फोटो आणि खाली 'वेग निम्मा झालेलं रॉकेट'. हे स्वतः त्याला 'दमलेलं रॉकेट' म्हणायचे. डिसेंबरात मंडळात यांचं त्यावर भाषणही झालं. सर तेव्हा उठून म्हणाले होते, कदाचित अवकाशात काहीतरी आदळलं असेल. तेव्हाही त्यांना कल्पना सुचली, गच्चीवर जायचं सुचलं नाही.

"सायराबानू बाई, तुमी आणखी थोडी निरीक्षणं घेतलीत तर फलक पूर्ण होईल. आमच्या अपार्टमेंटवरून काय दिसत नाही हो."

आकाश मंडळाच्या अध्यक्षांना आकाश दिसत नाही. मी बरं म्हटलं. वेळा ते मोबाइलवर पाठवणार आहेत.

१२ मार्च, बुधवार

सरांनी पाठवलेल्या वेळेला वर गेले. खजूर तोंडात, यांचं स्टॉपवॉच हातात. पहिली चमक दिसली की बटण दाबायचं आणि 'शून्य' म्हणायचं. 'एक' म्हटलं की उत्तर चुकतं. हे पोरांना आधी ते शिकवायचे आणि निम्मी पोरं तरी 'एक'च म्हणायची. दहाव्या चमकेला थांबवलं. दहानं भागलं, नऊ सेकंदांच्या जरा आत. मधे काहीतरी बारीक चमकल्यासारखं वाटलं, ते सोडून दिलं. भवानी पेठेत गच्चीवरून दिव्यांची माळ दिसत नाही असा दिवस जात नाही.

सर खूश झाले. म्हणाले, "सिद्ध झालं!" यांना काही सिद्ध करायला सरांची गरज नव्हती.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी एक म्हातारी दारात. गोजाबाई म्हणून. टेम्पोवाल्या पोराची आई, पहाटेच्या एसटीनं आली होती. डोक्यावर पदर, हातात शेंगांची पिशवी.

"बाई, आमी काय तुमचं वाईट चिंतलं न्हाय. माझ्या पोरानं लाईट लावली हुती, हॉर्न बी दिला की. मास्तर सरळ म्होरं आलं. त्यांनी बघितलंच न्हाय वो."

मी म्हटलं, "तुमच्या पोराला तेवढंच पाठ आहे का?"

"तो झोपत न्हाय, बाई. लायसन काढून घेतलंय. उटून बसतोय आन् म्हंतोय, आये, त्या मानसानं माझ्याकडं बघितलं आन् तरी चालत आलं."

मला संताप आला. गेलेल्या माणसावर ढकलायचं सोपं असतं. त्याला तोंड नसतं. मी सांगितलं, शेंगा परत न्या. ती पिशवी ओट्यावर ठेवून गेली. यास्मीननं त्या भाजून खाल्ल्या. कुणाच्या शेंगा आहेत म्हणून तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

३१ मार्च, सोमवार

ईद. शिरखुर्मा सात घरांतून आला. मी केला नाही. सगळ्या बायका बसून मला सब्र शिकवून गेल्या. एकीनं सांगितलं, "मास्तर शेवटी शेवटी जरा गर्विष्ठ झाले होते हां. समोरून गेलं तरी सलामाला जबाब नाही." ईदच्या दिवशी मयताची निंदा. मी म्हटलं, त्यांना तुमच्यापेक्षा लांबचं बघायची सवय होती.

९ एप्रिल, बुधवार

ऊन बेचाळीसवर. सरांचा फोन. परदेशातल्या निरीक्षकांचं उत्तर आलं. फार सभ्यपणे लिहिलंय म्हणे, की त्यांच्याकडे रॉकेट अजूनही साडेचार सेकंदांनीच चमकतंय, सोलापूरचे आकडे पुन्हा तपासून बघाल का.

सर म्हणाले, "त्यांच्याकडं सदा ढग. त्यांना काय दिसणार?"

पहिल्यांदाच मला सरांचं बोलणं पटलं. हे असते तर त्यांनी असं उत्तर लिहिलं असतं की वाचायला दोघांना बसावं लागलं असतं. पेपरची शाई फिकी यायला लागली तेव्हा यांनी पेपरवाल्याला दारात उभं करून झापलं, वितरकाला फोन केला आणि शेवटी पेपर बदलला. नव्या पेपरचीही शाई फिकीच निघाली. मला तेवढी फिकी वाटायची नाही. पण माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं, मला सगळंच ठळक दिसतं. तेव्हा डॉक्टर यांनाही खुर्चीवर बसवत होते. हे म्हणाले, "माझे डोळे आकाश मोजतात, तुम्ही पाटी वाचायला लावताय." डॉक्टर कसानुसा हसला. यांच्यासोबत जायला मजा यायची.

१७ एप्रिल, गुरुवार

आकाश धुतल्यासारखं होतं. दुपारी वाऱ्यानं धूळ नेली असावी. गल्लीतली वीज गेलेली, सगळीकडे अंधार. रॉकेट डोक्यावर आलं. ठळक चमक. मग बरोबर मधोमध एक पुसट. मग ठळक. मग पुसट. दहा चमका मोजल्या, पुसट धरून. साडेचार सेकंद.

मी उभीच राहिले. मोजण्यात चूक असणार. मी काही यांच्याएवढी सरावलेली नाही.

१९ एप्रिल, शनिवार

पुन्हा साडेचार. ठळक, पुसट, ठळक, पुसट. वीज होती तरी दिसत होतं. एकदा ओळख पटल्यावर ते लपत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत मी यांच्याजवळ बसून आकडे लिहून घ्यायचे. हे खुर्चीत मान मागे टाकून मोठ्यानं म्हणायचे, "ठळक, पुसट, ठळक, पुसट." शेजारची पोरं चिडवायची. नंतर मला कंटाळा आला, मी वर जायचं सोडलं. खाली स्वयंपाक करताना आवाज ऐकू यायचा. गेल्या हिवाळ्यात काय ऐकू येत होतं ते आज दिवसभर आठवून बघितलं. "ठळक," मग लांब गप्प, मग "ठळक."

२० एप्रिल, रविवार

रॉकेट दमलेलं नाही. ते होतं तसंच फिरतंय.

बल्ब मंद झाले नव्हते. शाई फिकी नव्हती. सलामाला जबाब द्यायला समोरचा माणूस आधी दिसायला लागतो.

पण हे खोटं बोलत नव्हते, हे मी इथं लिहून ठेवते. यांना खरोखर वाटलं की सगळं जग मंद होत चाललंय: कंपन्या, पेपर, रॉकेट. स्वतःवर संशय घ्यायचं सुचलंच नाही. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका तपासल्यावर असं होतं. आणि मी काय केलं? बल्ब कंपनीला शिव्या दिल्या.

२१ एप्रिल, सोमवार

काही नाही. पाणी आलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बाई, फलक छापायला गेलाय. आणि श्रद्धांजली आहे हो, तिथं कोण तपासतंय?"

"मी तपासलंय."

"लोकांना मास्तरांबद्दल अभिमान वाटू द्या की."

ज्या माणसानं आयुष्यभर शून्यापासून मोजायला शिकवलं, त्याच्या फोटोखाली चुकीचा आकडा टांगायचा आणि खाली बसून चिवडा खायचा. मी म्हटलं, सर, एकदा गच्चीवर या, स्वतः बघा. ते म्हणाले, गुडघे दुखतात.

५ मे, सोमवार

फलकाचं एक वेळ राहू दे. जबाबाचं काय?

मी सही करून सांगितलंय की यांची नजर इतकी चांगली होती की नऊ सेकंदांची चमक एकट्यांना दिसली. त्या एका गोष्टीवर तो पोरगा खोटा ठरतोय. आणि तीच गोष्ट सांगतेय की यांना दिसत नव्हतं. अगदी संध्याकाळी, धूसर उजेडात, जेव्हा हे पिशवी घेऊन रस्त्यात उतरले.

मी बोलले नाही तर कुणालाही कळणार नाही. रॉकेट काही साक्ष द्यायला खाली येत नाही. गोजाबाईचं पोरगं आज ना उद्या दुसरं काही काम शोधेल. पोरं शोधतात. असं आज चार वेळा स्वतःला सांगितलं आणि चारही वेळा ते यास्मीनच्या आवाजात ऐकू आलं.

"त्या मानसानं माझ्याकडं बघितलं आन् तरी चालत आलं." हे वाक्य कुणी शिकवून येत नाही. हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. शाळेत पोरगं खरं बोलतंय की खोटं, ते मी पाठमोरी असतानाही ओळखायचे.

११ मे, रविवार

यास्मीनला सांगितलं. सांगायला नको होतं.

"भाईजान को अंधा बनाते क्या, भाभी? मरे हुवे आदमी को?"

"अंधा नाही. मोतीबिंदू."

"एक ही बात है ना जी! और वो टेम्पोवाला छूट गया तो?"

"सुटू दे."

तिनं डबा उचलला. जाताना म्हणाली, गच्चीवर जाऊन जाऊन डोकं फिरलंय, आसमानाखाली जाऊ नका म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इतक्या दिवसांत तिचं एवढं एकच म्हणणं खरं निघालं. गेलेच नसते तर बरी होते.

डबा बंद झाला. सालन तसंही खारट असायचं.

१९ मे, सोमवार

इद्दत शनिवारी संध्याकाळी संपली. रिवाजाप्रमाणे पहिल्यांदा बाहेर पडून माहेरी किंवा नात्यातल्या घरी जायचं असतं. काल यास्मीन न्यायला आली नाही. आज सकाळी मी रिक्षा केली आणि पोलीस ठाण्यात गेले. इतक्या दिवसांनी रस्ता बघितला. होता तसाच आहे, फक्त खड्डे मोठे झालेत.

बाकावर एक सडपातळ पोरगा बसला होता. शर्टचं एक बटण चुकीच्या काजात. मला बघून उठला आणि म्हणाला, "बसा की, मावशी."

मी बसले. हवालदारानं आतून "ए शिवपुत्र" म्हणून हाक मारली तेव्हा कळलं. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. आम्ही एकमेकांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

जबाब बदलायचा म्हटल्यावर हवालदार वैतागला. "बाई, कुणी दम दिला का? पैसे बिसे?" मी म्हटलं, कुणी नाही, रॉकेटनं. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग सुरुवातीपासून सांगितलं: ठळक, पुसट, साडेचार, नऊ, मोतीबिंदू, पेपरची शाई, बल्ब. तो लिहीत राहिला. एका ठिकाणी थांबून म्हणाला, "म्हंजे मास्तरांना लाईट दिसलीच नसंल?" मी म्हटलं, दिसली असेल तर फार पुसट, आणि पुसट ते मोजायचे नाहीत, त्यांना ते माहीतच नव्हतं. हे शेवटचं त्यानं लिहिलं नाही. जबाबात बसत नाही म्हणाला. असेल.

साहेब काय ठरवतात ते नंतर कळेल. बाहेर आले तेव्हा पोरगा भिंतीला टेकून उभा होता. बटण अजून चुकीचंच. मी सांगितलं, "बटण नीट लाव." त्यानं लगेच लावलं.

सरांनी फलकावरची ती ओळ कागद चिकटवून झाकली, असा निरोप आला. नुसता फोटो राहिला. सभा रविवारी आहे. मी जाणार नाही. भाषणात ते झाकलेल्या ओळीबद्दलही बोलतील.

संध्याकाळी ढग होते. गच्चीवर गेले नाही. स्टूल घेऊन जिन्यात चढले. यांचा तेवीस वॅटचा बल्ब काढला, गरम होता, फडक्यानं धरला आणि त्याच्या खोक्यात ठेवला. खणातून जुन्या चारांपैकी हाताला आला तो घेतला. वर्षापूर्वीचा, सात वॅटचा असावा. बसवला, खाली उतरले, बटण दाबलं.

लागला. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत सगळं दिसत होतं. उरलेले तीनही एकेक करून लावून बघितले. सगळे लागले. शेवटचा तसाच राहू दिला, स्टूल जागेवर ठेवलं आणि एकटीपुरता भात टाकला.